सरोजला सोबत म्हणून

सुलभा,

तुझ्या दहाव्याला प्रवरेच्या घाटावर मी तुझ्यावर ओरडणारच होते. पण तुझ्या सासरची निम्मी वस्ती तिथे उभी होती, आणि मेलेल्या माणसावर ओरडणारी बाई लोकांना वेडी वाटते, म्हणून ओठ आवळून गप्प राहिले. आता घरी मी एकटी आहे. भर दुपार आहे, दार आतून लावलंय आणि मला कोणाची भीड नाही. तेव्हा ऐक.

पिंड मांडून झाले होते आणि कावळा शिवत नव्हता. समोरच्या बाभळीवर तिघे-चौघे बसले होते, मान वाकडी करून बघत होते, पण खाली काही येत नव्हते. लोकांची कुजबुज सुरू झाली. तुझी इच्छा राहिली म्हणे. भाऊजींनी, म्हणजे तुझ्या नवऱ्याने, हात जोडून सांगितलं, "गाया इकनार न्हाई, तुझ्या माघारी बी गोठा चालवीन." कावळा हलला नाही. मग कोणीतरी म्हणालं, "बाईस्नी बोलू द्या. शेवटाला त्याच संगं हुत्या." मी पुढे झाले. तुझा एकुलता एक निखिल माझ्या शेजारीच उभा होता, डोकं भादरलेला. तो माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही एवढा हट्ट धरला नसता तर आज आई घरात असती. डॉक्टरांनी तिला उंचावर जायला सक्त मनाई केली होती. तुम्हाला तर तिनं सांगितलं होतं ना? तरी तुम्ही ऐकलं नाही."

माझे जोडलेले हात तसेच राहिले. कुठला हट्ट? कुठली मनाई? मला तू काय सांगितलं होतंस, आठवतं का? माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहून, माझ्याच शेंगदाण्याच्या डब्यात हात घालून म्हणाली होतीस, "नाशिकला दाखवून आले. सगळे रिपोर्ट एकदम छान. डॉक्टर म्हणाले, बिनधास्त जा."

घाटावर मी तुला काहीच कबूल केलं नाही. थोड्या वेळाने कावळा आपणहून उतरला आणि शिवला. लोक म्हणाले, बाईंनी मनातल्या मनात वचन दिलं असणार. तू असतीस तर म्हणाली असतीस, त्याला भूक लागली असेल.

आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, कारण सगळं तिथूनच आलं. आपल्याकडे बाई "मला जायचंय" असं म्हणत नाही. ती कोणाच्या तरी सोबतीला जाते. जावेला सोबत म्हणून दवाखान्यात, नणंदेला सोबत म्हणून साड्यांच्या दुकानात, देवीलासुद्धा शेजारणीच्या सोबतीला. आपण दोघी कॉलेजात एकाच वर्षी लागलो, तू जीवशास्त्राला आणि मी भूगोलाला, आणि पहिल्याच सहामाहीत आपण हे तंत्र पक्कं करून टाकलं. तू सासरी सांगायचीस, "सरोज एकटी आहे, तिला सोबत." मी आईला सांगायचे, "सुलभाला सोबत." दोघी एकमेकींच्या सोबतीला, मग मुळात जायचं कोणाला होतं हे कोणी विचारलंच नाही. भंडारदऱ्याचा धबधबा, नाशिकची नाटकं, नगरची प्रदर्शनं, सगळं आपण असंच पाहिलं आणि एसटीत मागच्या बाकावर बसून घरच्यांना हसलो.

पण ते खोटं घरच्यांसाठी होतं. आपसात नव्हतं. निदान मी तसं धरून चालले होते.

आणि ते नेहमीच खोटं होतं असंही नाही. माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा तू रोज कॉलेज सुटल्यावर माझ्याकडे यायचीस. दूध काढायची वेळ टळायची, सासू कुरकुरायची, आणि तू सांगायचीस तेच, सरोजला सोबत. तेव्हा ते अक्षरशः खरं होतं. आईची कूस बदलायला तू नसतीस तर मी काय केलं असतं, मला आजही माहीत नाही. तुझं ऋण मी नाकारत नाही. रागाच्या भरात तेवढं विसरण्याइतकी मी कृतघ्न नाही.

आई गेली आणि माझ्याकडे निमित्त सांगायला कोणी उरलं नाही. मला कुठे जायचं असलं तर मी कुलूप लावते आणि जाते. मला वाटलं, आता तुझंही तसंच असेल. तू निवृत्त झालीस, मुलगा सुप्याच्या कारखान्यात कामाला लागला, सासू गेली. आता कशाला हवंय निमित्त? चुकले. तुझ्या घरी मी अजून "बिचारी एकटी सरोज"च होते.

तुझं वेड मला पहिल्यापासून ठाऊक होतं. अकरावीच्या वर्गात तू उत्क्रांती शिकवायला लागलीस की सुरुवात अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या डांगी गाईपासून करायचीस. आठ-आठ दिवस पाऊस कोसळतो आणि ती उभी राहते, अंगावरून पाणी ओघळून जातं, तिला काही होत नाही. मग आपल्या संगमनेरच्या गोठ्यातली होलस्टीन. तिला पंखे लावा, तिच्यावर पाणी मारा, तरी एप्रिलमध्ये जीभ बाहेर काढून धापा टाकते. भाऊजी म्हणायचे, "या पोरी माझ्यापक्षा गारव्यात ऱ्हात्यात." आणि मग डांगी गाईवरून तू थेट तिबेटच्या पठारावर जायचीस, याककडे. मी शेजारच्या वर्गात नकाशा टांगून उभी असायचे आणि भिंतीपलीकडून तुझा आवाज यायचा. माझी मुलंही तिकडेच कान लावून बसायची.

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणायचे, सगळी सवय आहे. माणूस जिथे राहतो तसा होतो. मी भूगोलाची, मला डोंगर माणसाला घडवताना दिसायचा. तू डोळे वटारायचीस. "लई शानी हायेस," म्हणायचीस. चिडलीस की तुझी माहेरची, खर्डा गावची बोली वर यायची. "सवयीनं आपलं काय होतं, सांगू? आपण वर गेलो की शरीर घाबरून रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवत सुटतं. रक्त घट्ट होतं. हृदय दमतं. तिबेटी माणसाचं रक्त तसं घट्ट होतच नाही. ते त्याच्या जन्मातच हाय. डोंगर कुनाला घडवीत न्हाई, सरे. डोंगर निवडतो."

तो गुण त्यांना कुठून मिळाला हे सांगताना तर तुझे डोळे चमकायचे. फार जुन्या काळी एक वेगळ्याच जातीचा माणूस होता, आता नामशेष झालेला. त्याच्याशी यांच्या पूर्वजांचा संबंध आला, आणि तो गुण वंशात उतरला. तिथल्या कुत्र्यांनीही तसंच केलं, त्यांनी तो लांडग्यांकडून घेतला. "शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं तसं," तू म्हणायचीस. "शेजारीण गेली, तिचं घर गेलं, पण दही अजून लागतंय."

एकदा मी हट्टाने म्हणाले, "ऊसतोडीवाल्यांची पोरं बघ, थंडीत उघडी हिंडतात आणि दणकट असतात. ती सवय नाही तर काय?" तू हातातला घास डब्यात परत ठेवलास. तुझ्या माहेरी खर्ड्याला निम्मा गाव दिवाळीनंतर तोडणीला जायचा, तुझा चुलताही. तू म्हणालीस, "माझ्या चुलतीची दोन लेकरं फडावर गेली. उरलेली दणकट आहेत, खरंय. दणकट नव्हती ती तुला कशी दिसणार?" मग डबा बंद करून तासाला निघून गेलीस. त्या दिवशी मी पहिल्यांदा तुझ्यापुढे हरले आणि ते कबूल केलं नाही.

मग डोल्मा आली. दर हिवाळ्यात बसस्टँडजवळ तिबेटी लोक स्वेटरचे स्टॉल लावतात, त्यातलीच एक, आपल्याहून बरीच लहान. तू तिच्याकडून दरवर्षी स्वेटर घ्यायचीस, गरज नसली तरी. एकदा तर तू तिला कॉलेजात घेऊन आलीस आणि वर्गापुढे उभं करून पोरांना सांगितलंस, "यांच्या रक्तात जे आहे ते आपल्या कोणाच्यात नाही." डोल्मा लाजून लाल झाली. म्हणाली, "मॅडम, मैं तो कर्नाटक में पैदा हुई. पहाड़ कभी देखा ही नहीं. मुझे तो यहाँ भी ठंड लगती है." वर्ग हसून हसून लोळला. तिची आई लहानपणी कोणाच्या तरी पाठीवर बसून खिंड ओलांडून आली होती, आणि ही जन्मापासून सपाटीवर, नारळाच्या झाडाखाली वाढलेली. तूही हसत होतीस. मग जाताना तिने तुला सहज विचारलं, "मॅडम, आपने देखी है वो जगह?"

मी तुझ्याकडे बघत होते. सगळी नोकरी तू एका चित्रावर काढली होतीस, पुस्तकातल्या याकच्या काळ्या-पांढऱ्या चित्रावर.

तिबेटला जाणं आपल्या हातात नव्हतं. पण लडाखच्या पूर्वेला तेच पठार आहे, तीच जनावरं, त्याच रक्ताची माणसं. निवृत्तीच्या निरोप समारंभात तू माझ्या कानात म्हणालीस, "सरू, जायचं." मला थंडीची किती चीड आहे, तुला माहीत होतं. तरी मी हो म्हणाले, कारण तुझा चेहरा तसा झाला होता. सुलभा, हे मी पुन्हा लिहिते: हो मी म्हणाले. जायचं तू म्हणालीस.

आता मागे वळून बघते तेव्हा सगळं कसं समोरच होतं. नवरात्रात आपण दरवर्षी कळसूबाईला जायचो. गेल्या वर्षी तू पहिल्या लोखंडी शिडीपाशीच बसलीस. "गुडघा," म्हणालीस. गुडघा दुखणारं माणूस गुडघ्यावर हात ठेवतं. तुझा हात छातीवर होता. मी तुला लिंबू-मीठ चाटवलं, चेष्टा केली, "डोंगराने निवडलं नाही वाटतं," म्हणाले, आणि एकटी वर जाऊन देवीला तुझ्या नावाचं हळदकुंकू वाहून आले. खाली आले तेव्हा तू काकडीवालीशी गप्पा मारत होतीस, ठणठणीत. मी जीवशास्त्राची नाही. तू होतीस. तुला कळलं नसेल का काय होतंय ते?

लेहला उतरल्यावर दोन दिवस झोपून राहायचं होतं, तशी तू शहाण्यासारखी राहिलीस. टूरचा मुलगा सकाळ-संध्याकाळ सगळ्यांच्या बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावायचा. तुझा आकडा इतरांहून कमी यायचा. तू तळहात एकमेकांवर चोळायचीस, फुंकर घालायचीस आणि त्याला म्हणायचीस, "माझी बोटंच गार पडतात रे बाळा, पहिल्यापासून. परत लाव." आणि बोटं गार असली की यंत्र चुकतं, हे त्याला तूच शास्त्रशुद्ध समजावून सांगितलंस. तो तुला "मॅडम, मॅडम" करत होता. मीही मान डोलावली. तुझ्या ज्ञानावर माझा केवढा विश्वास होता!

पठाराकडे जाताना गाडीत तू मला याकचं फुप्फुस शिकवलंस. खिडकीबाहेर उघडे डोंगर होते, एक झाड नाही, आणि तू बोलत होतीस, मध्येमध्ये थांबून श्वास घेत. "आपलं फुप्फुस वर गेलं की घाबरतं, सरू. हवा कमी म्हटल्यावर आपल्याच नळ्या आवळून घेतं. मग हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलावं लागतं. गोठा धुताना गाय पाइपवर पाय देऊन उभी राहते ना, आणि मागे पाइप फुगतो, तसं. याकच्या नळ्या आवळत नाहीत. इथल्या माणसांच्याही फारशा नाहीत." मी विचारलं, "आणि ज्यांच्या नळ्या आधीच आवळलेल्या असतील?" अगदी सहज विचारलं, वर्गातली पोरं विचारतात तसं. तू बाहेर बघत म्हणालीस, "त्यांनी येऊ नये."

निखिलने घाटावर पुढे तुझा आजारही सांगितला तेव्हा मला कळलं. तुझ्या फुप्फुसाच्या नळ्यांमध्ये दाब वाढलेला होता. नाशिकच्या डॉक्टरांनी तुला नेमकं हेच सांगितलं होतं, जे तू मला गाडीत सांगत होतीस. तू मला याकचं सगळं सांगितलंस. डोल्माचं सांगितलंस, कुत्र्याचं सांगितलंस, हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या कुठल्या माणसाचं सांगितलंस. तुझ्या छातीत काय होतं तेवढं सांगितलं नाहीस. मी तुझ्या शेजारी बसले होते, आपले गुडघे एकमेकींना लागत होते.

हा विश्वासघात आहे, सुलभा. दुसरा शब्द मला सापडत नाही.

ज्या तळ्याला आपण निघालो होतो त्याच्या अलीकडे मेंढपाळांचे काळे तंबू लागले. दुपार होती, ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. तू गाडी थांबवायला लावलीस आणि खाली उतरलीस. उतारावर याक चरत होते. केवढे केसाळ! पोटाखालची झालर जमिनीला लागलेली. तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हणाले, वारा झोंबतोय, गॉगल घाल. एक वासरू होतं, काळं, कपाळावर पांढरा ठिपका. त्याला काय झालं कोण जाणे, शेपूट झेंड्यासारखं वर करून ते एकदम चढावर उधळलं. सरळ वर. आपल्याला चार पावलं टाकून थांबावं लागत होतं, आणि ते पोर टेकडीच्या माथ्यापर्यंत धावत गेलं, तिथून वळून आईकडे बघितलं आणि परत खाली धावलं. तू माझा दंड घट्ट धरलास. "सरू, बघ," म्हणालीस. "बघ, त्याला काहीच होत नाही."

तुझे ओठ निळे पडले होते. मला वाटलं, थंडीने.

तंबूतली एक बाई लोणी घातलेला चहा घेऊन आली. तू एक घोट घेतलास आणि खाली बसलीस, मग आडवी झालीस. पुढचं मी लिहिणार नाही. टूरच्या पोराने नळकांड्यातला ऑक्सिजन लावला, ड्रायव्हरने गाडी उतारावरून जेवढी पळवता येईल तेवढी पळवली, तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. खाली पोचण्याआधीच तू थांबलीस. ती तंबूतली बाई आपणहून गाडीत चढून आली होती. सगळा रस्ता तिने तुझे तळपाय चोळले. आम्हा दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. शेवटी तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तीही रडली.

तुझा "निवडतो" हा शब्द मी आयुष्यभर ऐकला. किती सोपा वाटायचा! जणू कोणी बाजारात टोमॅटो निवडतंय. त्या गाडीत मला त्याचा अर्थ कळला. त्या पठारावरच्या माणसांना तो गुण फुकट नाही मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी कोणाचं तरी डोकं असं मांडीवर घेऊन बसलं असणार. तू जिंकलीस ते भांडण. खूश आहेस ना आता?

तेरावं झाल्यावर भाऊजी माझ्याकडे आले. तुझ्या माघारी ते पहिल्यांदाच या घरात आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटल्यावर आले, खुर्चीच्या कडेवर बसले. टोपी हातात फिरवत होते. मग म्हणाले, "बाई, पोरगं घाटावर बोललं त्ये मला कळलं. तुमचा हट्ट न्हवता, मला म्हाईत हाय."

मी म्हणाले, "कसं माहीत?"

"तुमी दिवाळीपास्नं कानटोपी घालून कालिजात जानाऱ्या. तुमी कशाला लडाकचा हट्ट धरताय?" त्यांना थोडं हसू आलं आणि लगेच गेलं. "ती मला म्हनली, सरोजनं पक्कं केलंय, ती एकटी कशी जाईल, मी फकस्त खालच्या गावात ऱ्हाईन, वर जानार न्हाई. मी वळाकलं. इतक्या वर्सांत बायकू खोटं बोलती कवा त्ये कळतं की. पर म्या 'जाऊ नगं' म्हनलो न्हाई."

"का नाही म्हणालात?"

"तिनं कवा काय मागितलंच न्हवतं वो." ते जमिनीकडे बघत बोलत होते. "पर बाई, पोराला हे कळू दिऊ नगा. समदं म्हाईत असून आई सोताच्या मनानं गेली, आपल्याला टाकून गेली, आसं त्याच्या डोक्यात बसंल. तुमच्यावर राग हाय त्यो ऱ्हाऊ द्या. एवढं करा. तिच्यासाटी."

मी "बरं" म्हणाले. काय म्हणणार? एका बाईने आयुष्यभर माझं नाव वापरलं, आणि ती मेल्यावर तिचा नवरा तेच नाव अजून थोडे दिवस वापरायला मागायला आला. ते गेल्यावर मी ताट-वाट्या आपटल्या. तुझी वाटी होती, शेंगदाण्याच्या डब्यात असायची ती. तिला पोचा आला. बरं झालं.

राग कशाचा आहे, सांगू? तू मेलीस याचा नाही. तू गेलीस याचाही नाही. मला विचारलं असतंस, "सरू, डॉक्टर नको म्हणालेत, पण मला एकदा बघायचंय, येशील?" तर मी काय केलं असतं? आधी शिव्या घातल्या असत्या. मग भाऊजींना सांगितलं असतं. मग कदाचित, कदाचित, तुझ्याबरोबर आलेही असते, पण सगळं माहीत असून. ती निवड माझी असती. तू ती माझ्याकडून काढून घेतलीस. बरोबर नेलंस आणि सोबत करू दिली नाहीस.

काल निखिल आला. सुप्याहून सुट्टी काढून, मोटरसायकलवर. माझी शाल तुझ्या सामानात गेली होती, ती धुऊन, घडी करून घेऊन आला होता. किती नीट घडी! तूच शिकवली असणार. शाल टेबलावर ठेवून तो उभाच राहिला. मी चहा ठेवला. तो म्हणाला, "मावशी, घाटावर मी जास्त बोललो. पण मला एकदाच सांगा. तुम्ही तिला कशाला नेलं?"

मला भाऊजींना दिलेलं वचन आठवत होतं. "बरं" म्हटलं होतं मी. तोंड उघडलं तेव्हा माझ्या ओठांवर तेच होतं, हो बाबा, माझंच चुकलं, माझाच हट्ट. ते म्हणणं सोपं होतं. सगळं मिटलं असतं, तो मला शिव्या देत निघून गेला असता आणि तू त्याच्या मनात तशीच राहिली असतीस, गरीब, भिडस्त, मैत्रिणीसाठी जिवावर उदार झालेली आई. स्वतःची म्हणून एकही इच्छा नसलेली.

आणि मला एकदम तुझा हात आठवला, माझ्या दंडावरचा. बघ, त्याला काहीच होत नाही. अगं, तो काय कोणाच्या सोबतीला आलेल्या बाईचा हात होता?

मी म्हणाले, "निखिल, मी तिला नेलं नाही. मला थंडी सोसत नाही, मी कशाला नेईन? तुझ्या आईला जायचं होतं. तिला. डॉक्टर काय म्हणाले ते तिनं मला सांगितलं नाही. मला म्हणाली, रिपोर्ट छान आहेत."

त्याचा चेहरा पडला. चहाकडे न बघता दाराकडे गेला, उंबऱ्यावर बसून बूट घालायला लागला. एका बुटाची नाडी बांधता बांधता थांबला. पाठमोराच होता. म्हणाला, "म्हणजे सगळं माहीत असून तिलाच जायचं होतं. मला एकदा तरी खरं सांगायचं ना तिनं."

"मलाही नाही सांगितलं रे," मी म्हणाले. आणि मला रडू फुटलं. परत आल्यापासून मी लोकांसमोर रडले नव्हते. कोणत्या तोंडाने रडणार? ज्या बाईने नेलं तिनेच रडायचं?

तो तसाच बसून राहिला उंबऱ्यावर, एका पायात बूट. मग बूट काढून आत आला. चहा निवला होता, मी दुसरा ठेवला. मी त्याला त्या वासराचं सांगितलं, शेपूट वर करून कसं धावलं, कुठून वळलं, तू काय म्हणालीस. त्याने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग तो तुला बरंच बोलला, मीही बोलले, तुझ्यासमोर कधी बोललो नसतो असं. भाऊजी मला माफ करणार नाहीत कदाचित, दिलेला शब्द मी पाळला नाही. तुझं खोटंही उघडं पाडलं. आता तूही मला विश्वासघातकी म्हण, आपली फिटंफाट झाली.

डिसेंबरात डोल्मा येईल आणि विचारेल, मॅडम कुठे आहेत. तिलाही मी खरंच सांगणार आहे.

जाताना निखिल म्हणाला, "मावशी, पुढच्या रविवारी येऊ का? घरी बाबांसमोर आईवर रागावता येत नाही." ये म्हटलं. सुलभा, बघ काय करून ठेवलंस. तुझ्यावर रागवायलासुद्धा सोबत लागते.